बोटीच्या तळाचा रंग, ‘नॅनो’ पावडर आणि आपल्या खाडीतले बारीक जीव



मासेमारी बंदी लागली. 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस. बोटी वर काढल्यात, तळ खरवडायचं काम सुरू झालंय, दोन-चार दिवसांत रंगाचे डबे उघडतील. दरवर्षीचंच काम. पण यंदा एक नवी गोष्ट आलीय. जेटीवर फिरणारे विक्रेते ‘नॅनो’ रंग आणि रंगात मिसळायची ‘नॅनो’ पावडर घेऊन येतायत. ‘एकदा लावा, तीन वर्षं शेवाळ धरणार नाही’ असं सांगतात. काही बोटमालकांनी विचारलं, सोसायटीच्या दुकानात हा माल ठेवणार का? दुसऱ्या बाजूने तिसऱ्या-शिनाणे काढणाऱ्या आपल्या बायकांनी विचारलं, खरवडलेली लाल भुकटी भरतीबरोबर खाडीत जाते, तिचं काय?

दोन्ही प्रश्न एकाच ठिकाणी येऊन मिळतात. येत्या सर्वसाधारण सभेत यावर ठराव घ्यायचाय. त्याआधी विषय सगळ्यांना नीट कळावा म्हणून हा लेख. थोडा लांब आहे, पण सवडीने वाचा. घरातल्या मुलांनाही वाचायला द्या.

आधी रंग कशासाठी, ते पाहू

बोट पाण्यात उभी राहिली की पहिल्या एक-दोन दिवसांतच तळावर जिवाणूंचा बुळबुळीत थर धरतो. त्यावर शेवाळ येतं, मग बार्नेकल आणि शिंपले चिकटतात. तळ खरखरीत झाला की बोट जड चालते, इंजिनावर ताण येतो, डिझेल जास्त जळतं. हे कुणी आपल्याला शिकवायला नको. लाकडाच्या बोटीला तर जहाजकिड्याचं भय वेगळंच. तो आत शिरला की फळी पोखरून टाकतो.

आपले जुने लोक होडीच्या तळाला काजूबियांच्या टरफलाचं तेल, राळ, मासळीचं तेल असलं काही लावायचे. नंतर तयार रंग आले. आज तळाला लावायच्या बहुतेक रंगांत मुख्य औषध म्हणजे तांब्याचं ऑक्साइड. इंग्रजी नाव क्युप्रस ऑक्साइड. रंग लालसर दिसतो तो त्यामुळेच. त्याच्या जोडीला बऱ्याच रंगांत जस्ताचं ऑक्साइड, म्हणजे झिंक ऑक्साइडही असतं.

रंग काम कसा करतो? तांबं हळूहळू पाण्यात विरघळत राहतं. तळाच्या अगदी लगतच्या पाण्यात ते इतकं असतं की बार्नेकलचं पिल्लू तिथे टिकत नाही. म्हणजे सरळ भाषेत, हा रंग हे बारीक जिवांवरचं विष आहे. विष आहे म्हणून तर तो चालतो. अडचण एवढीच की बार्नेकलचं पिल्लू कुठलं आणि शिनाण्याचं, कालवाचं पिल्लू कुठलं, हे तांब्याला कळत नाही.

‘नॅनो’ म्हणजे नक्की काय?

नॅनो हे मापाचं नाव आहे, मालाचं नाही. एक मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. आपल्या डोक्याचा केस साधारण 80 हजार नॅनोमीटर जाड असतो. जो कण 1 ते 100 नॅनोमीटरच्या मधला, त्याला नॅनोकण म्हणतात. तांब्याचा असो, जस्ताचा असो, टायटॅनियमचा असो.

एवढं बारीक करून फायदा काय? खडीसाखर आणि पिठीसाखर आठवा. साखर तीच, वजन तेच, पण पिठीसाखर पाण्यात लगेच विरघळते. कारण तिचा पाण्याला लागणारा पृष्ठभाग जास्त. एक सेंटिमीटरचा घन खडा घेतला तर त्याच्या सहा बाजू मिळून 6 चौरस सेंटिमीटर होतात. त्याच खड्याचे 100 नॅनोमीटरचे तुकडे केले तर सगळ्या तुकड्यांचा पृष्ठभाग मिळून 60 चौरस मीटर होतो. बोटाच्या पेराएवढ्या खड्यातून एका घराएवढी जमीन झाकेल इतका! म्हणून थोड्या मालात जास्त परिणाम मिळतो. विक्रेता सांगतो ते या बाबतीत खोटं नाही. पण परिणाम जास्त म्हणजे तो सगळ्यांवरच जास्त. तळाला चिकटणाऱ्यांवर आणि न चिकटणाऱ्यांवरही.

हे काही परदेशातलंच खूळ आहे असंही नाही. कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे आपण ज्याला ‘सिफ्ट’ म्हणतो तिने, पिंजऱ्यातल्या मत्स्यपालनाच्या जाळ्यांना नॅनो कॉपर ऑक्साइडचा लेप देऊन प्रयोग केलेले आहेत. जाळ्याला शेवाळ-शिंपले कमी लागावेत हा हेतू. संस्थेचे शास्त्रज्ञ मोजून-मापून, लेप धाग्याला कसा घट्ट बसेल हे बघून काम करतात. जेटीवर पिशवीतून मिळणारी, नाव-गाव नसलेली पावडर आणि हे काम, दोन्ही एका मापाने मोजू नका.

बारीक जीव म्हणजे कोण?

बाटलीत खाडीचं पाणी भरून उन्हात धरलं तर काही ठिपके टुणटुण उड्या मारताना दिसतात. ते कोपेपॉड. कोळंबीच्याच गोत्रातले, पण तिळापेक्षा लहान. त्याहून लहान, डोळ्यांना न दिसणारं ते वनस्पतीप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारं एकपेशी शेवाळ. तारली या शेवाळावर पोसते. बांगडा कोपेपॉड आणि असलेच प्लवक गाळून खातो. शिनाणे, तिसऱ्या, कालवं दिवसभर पाणी ओढून त्यातलं हेच खाणं गाळतात.

त्यात आणखी एक गोष्ट. शिनाणे, कालवं, सुंगटं, कुर्ल्या ही सगळी मंडळी लहानपणी स्वतःच प्लवक असतात. कालवाचं पिल्लू पहिले दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगतं आणि मगच खडक धरतं. म्हणजे ‘बारीक जीव मेले तर आपलं काय गेलं’ असं म्हणता येत नाही. ते आपल्या मासळीचं खाणं आहे, आणि आपली मासळीच आहे.

हे कण मारतात कसे?

शास्त्रज्ञांनी गेल्या पंचवीस-एक वर्षांत यावर भरपूर प्रयोग केलेत. त्यातून चार वाटा दिसतात.

*पहिली वाट, विरघळून.* कण पाण्यात विरघळतो आणि धातू मोकळा होतो. मोकळं तांबं कल्ल्यांतून शरीरात शिरतं आणि अंगातलं मिठाचं प्रमाण सांभाळायची यंत्रणाच बिघडवतं. तांबं आणि जस्त शरीराला लागतात, पण अगदी थोडे. जेवणात मीठ चिमूटभर हवं, मूठभर चालत नाही, तसंच.

*दुसरी वाट, पेशी जाळून.* काही कणांच्या पृष्ठभागावर प्राणवायूचे अतिशय तिखट, अस्थिर रेणू तयार होतात. ते पेशीचं आवरण आणि आतली रचना जाळतात.

*तिसरी वाट, अंगाला चिकटून.* कण जिवाच्या कवचावर, कल्ल्यांवर थर धरतात. पोटात गेले की आतडं भरतं, पण त्यात खाणं नसतं.

*चौथी वाट, उन्हामुळे.* टायटॅनियम डायऑक्साइड अंधारात गप्प असतं. त्यावर उन्हातले अतिनील किरण पडले की ते चाळवतं. कॅलिफोर्नियाच्या शास्त्रज्ञांनी 2012 मध्ये दाखवलं की साध्या उन्हात असतात तेवढ्या अतिनील किरणांतही नॅनो टायटॅनियम डायऑक्साइडमुळे समुद्री वनस्पतीप्लवकाची वाढ खुंटते. किरण बंद केले तर तसा परिणाम दिसला नाही. आपल्याकडे उन्हाला काय कमी?

तांबं, जस्त, टायटॅनियम: तिघांची गोष्ट वेगवेगळी

इथे जरा थांबून वाचा, कारण ‘नॅनो म्हणजे सगळंच भयंकर’ हेही चूक आणि ‘नॅनो म्हणजे निर्धोक’ हेही चूक.

एस्टोनिया देशातल्या शास्त्रज्ञांनी 2008 मध्ये एक सरळ तुलना छापली. तिन्ही धातूंची ऑक्साइडं घेतली, एकदा साध्या भुकटीच्या रूपात, एकदा नॅनो रूपात. ती गोड्या पाण्यातल्या पिसवेवर, म्हणजे डॅफ्नियावर वापरून पाहिली. हा कोपेपॉडासारखाच एक बारीक कवचधारी जीव. निम्मे जीव ज्या प्रमाणात बाधतात ते प्रमाण असं निघालं:

– तांब्याचं काळं ऑक्साइड, साधी भुकटी: लिटरला सुमारे 165 मिलिग्रॅम. नॅनो: फक्त 3.2 मिलिग्रॅम.
– जस्ताचं ऑक्साइड, साधी भुकटी: 8.8 मिलिग्रॅम. नॅनो: 3.2 मिलिग्रॅम.
– टायटॅनियम डायऑक्साइड: लिटरला 20 ग्रॅम घातलं तरी विषबाधा दिसली नाही, नॅनो असो की साधं.

म्हणजे तांब्याच्या बाबतीत बारीक केल्याने विषारीपणा पन्नास पट वाढला. जस्ताच्या बाबतीत फारसा फरक नाही, कारण जस्ताचं ऑक्साइड साध्या भुकटीतूनही चांगलंच विरघळतं. त्याच्या आदल्या वर्षी, 2007 मध्ये, ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनीही गोड्या पाण्यातल्या शेवाळावर हेच पाहिलं. नॅनो जस्त, साधं जस्त आणि जस्ताचा विरघळलेला क्षार तिघांचा परिणाम जवळजवळ सारखा. लिटरला साधारण 60 मायक्रोग्रॅम जस्त झालं की शेवाळाची वाढ निम्म्यावर. मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग.

यातून घ्यायचं ते हे. जस्ताच्या डब्यावर ‘नॅनो नाही’ असं लिहिलेलं असलं म्हणून ते पाण्याला सोसतं असं नाही. आणि तांब्याच्या डब्यावर ‘नॅनो’ लिहिलं असेल तर दुप्पट सावध व्हा. एक गोष्ट इथे स्पष्ट करतो. एस्टोनियातला प्रयोग काळ्या ऑक्साइडवर आणि गोड्या पाण्यात झाला. आपल्या रंगात लाल ऑक्साइड असतं आणि पाणी खारं. आकडे जसेच्या तसे उचलून खाडीला लावता येणार नाहीत. पण दिशा कळते.

मग टायटॅनियम निर्दोष का? 2011 मध्ये जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी त्याच डॅफ्नियावर नॅनो टायटॅनियम डायऑक्साइड वापरलं, पण नेहमीच्या 48 तासांवर न थांबता प्रयोग 96 तासांपर्यंत नेला. पहिल्या दोन दिवसांत विशेष काही झालं नाही. कण अंगाला चिकटले, पिल्लांनी कात टाकली, कातीबरोबर थर गेला. पण थर पुन्हा चढला, आणि दुसऱ्या वेळी बहुतेकांना कात टाकताच आली नाही. कात अडकली की तो जीव मेलाच. सुंगटं आणि कुर्ल्याही कात टाकूनच वाढतात हे आपल्याला माहीत आहे. हा प्रयोग सुंगटांवर झालेला नाही, त्यामुळे त्यांनाही असंच होतं असं मी म्हणणार नाही. पण दोन दिवसांच्या चाचणीवरून ‘सुरक्षित’ असा शिक्का मारायचा नसतो, हे त्यातून कळतं.

जाता जाता, रंगाच्या डब्यातलं साधं पांढरं टायटॅनियम बहुतेक नॅनो नसतं, कण मोठे असतात. नॅनो टायटॅनियम आणि नॅनो जस्त जास्त करून असतात ते उन्हाच्या क्रीममध्ये. किनाऱ्यावर पर्यटक अंगाला फासून पाण्यात उतरतात ना, तेच. म्हणजे सगळा दोष बोटवाल्यांचाच असं नाही. पण आपल्या हातात आहे ते आपण बघावं.

खाऱ्या पाण्यात कणांचं काय होतं?

गोड्या पाण्यात नॅनोकण बराच वेळ तरंगत राहू शकतात. खाऱ्या पाण्यात मिठामुळे ते एकमेकांना चिकटतात, गोळे होतात आणि तळाशी बसतात. नदीचं गढूळ पाणी खाडीत येऊन खाऱ्याला मिळालं की गाळ खाली बसतो, तसंच काहीसं.

ऐकायला बरं वाटतं. पाणी स्वच्छ झालं! पण माल गेला कुठे? गाळात. आणि गाळात कोण राहतं? तिसऱ्या, खुबे, गाळातले किडे. गाळ चाटून खाणारे शेवटे. जिथे बोटी खरवडतात त्याच्याच बाजूच्या पाटात आपल्या बायका तिसऱ्या काढायला बसतात. म्हणजे तरंगणाऱ्या जिवांवरचं संकट थोडं कमी होऊन ते गाळातल्या जिवांवर येतं.

शिवाय पावसाळ्यात खाडीचं पाणी गोडं होतं. खारेपणा कमी झाला की तांब्यासारख्या धातूंचा बारीक जिवांना होणारा त्रास साधारणपणे वाढतो. आणि आपलं खरवडायचं, रंगवायचं काम नेमकं त्याच महिन्यांत.

एका ग्रॅमचा हिशेब

तांबं किती पुरतं? कालवांच्या आणि शिंपल्यांच्या पिल्लांवर अमेरिकेत झालेल्या जुन्या प्रयोगांत लिटरला 5 ते 6 मायक्रोग्रॅम विरघळलेलं तांबं असलं की निम्म्या पिल्लांचं कवच नीट बनत नाही असं दिसलं. कॅलिफोर्नियात समुद्राच्या पाण्यातल्या विरघळलेल्या तांब्याची दीर्घकाळची मर्यादा ठरवली आहे ती लिटरला 3.1 मायक्रोग्रॅम.

आता हिशेब करू. एक ग्रॅम तांबं पूर्ण विरघळलं तर ते 2 लाख लिटर पाणी 5 मायक्रोग्रॅमवर नेऊ शकतं. 10 हजार लिटरचे वीस टँकर! समजा खरवडलेल्या एक किलो भुकटीत 100 ग्रॅम तांबं उरलेलं आहे. तर त्याने 2 कोटी लिटर पाणी तेवढं होईल. म्हणजे एक हेक्टर पसरलेली, दोन मीटर खोल खाडी.

प्रत्यक्षात सगळं तांबं एकदम विरघळत नाही. बरंचसं गाळात जातं, काही गाळातल्या कुजक्या पदार्थांना बांधलं जाऊन निष्प्रभ होतं, ओहोटीला काही बाहेर जातं. उघड्या समुद्रात तर हे सगळं पांगून जातं. म्हणून मी कुणाला घाबरवत नाही. पण बंद कोपरा, भरतीचं संथ पाणी आणि एका महिन्यात खरवडलेल्या सगळ्या बोटी, हे तीन एकत्र आले की हिशेब आपल्या विरुद्ध जातो.

अमेरिकेतल्या सॅन दिएगोच्या शेल्टर आयलंड बंदरात नेमकं हेच झालं. तिथे मासेमारी बोटी नाहीत, हौशी लोकांच्या बोटी आहेत, शेकड्यांनी उभ्या. पाण्यातलं बहुतेक तांबं बोटींच्या तळाच्या रंगातून येतंय असं निघालं आणि 2005 मध्ये सरकारने ते 76 टक्क्यांनी कमी करण्याचं लक्ष्य ठरवलं. तेवढ्यासाठी सतरा वर्षांची मुदत द्यावी लागली. पाणी बिघडायला वेळ लागत नाही, सुधारायला लागतो.

आधी एकदा घडून गेलेलं

तांब्याच्या आधी एक रंग याहून भारी समजला जायचा. त्यात टीबीटी नावाचं कथिलाचं संयुग असायचं. चार-पाच वर्षं तळ स्वच्छ! सगळे खूश. मग फ्रान्समधल्या आर्काशों खाडीत, जी कालवांच्या शेतीसाठी प्रसिद्ध आहे, 1977 नंतर लागोपाठ काही वर्षं कालवांचं बी धरेना. मोठ्या कालवांची कवचं जाड, गोळ्यासारखी व्हायला लागली, आत मांस नाही. बाजारात कोण घेणार? शोध घेतला तर कारण निघालं बोटींचा रंग. जानेवारी 1982 मध्ये फ्रान्सने 25 मीटरपेक्षा लहान बोटींवर टीबीटीला बंदी केली, आणि त्यानंतर बी पुन्हा धरू लागलं.

टीबीटीमुळे समुद्री गोगलगायींच्या माद्यांना नराची इंद्रियं फुटत होती. ही विकृती आपल्या देशातही सापडली. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या, म्हणजे आपल्या एनआयओच्या शास्त्रज्ञांनी 1999 मध्ये ‘क्रोनिया कोंकणेन्सिस’ नावाच्या गोगलगायीत ती नोंदवली. नावातच कोकण आहे. पुढे 2001 मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला आणि 17 सप्टेंबर 2008 पासून तो लागू झाला. त्याच कराराखाली 1 जानेवारी 2023 पासून सायब्युट्रिन नावाच्या शेवाळमारकावरही बंदी आली.

तांब्याचाही एक किस्सा आहे. 1986 मध्ये तैवानच्या किनाऱ्यावर कालवं हिरवी निघाली. भंगारातून धातू काढणाऱ्यांच्या सांडपाण्यातलं तांबं त्यांनी गाळून अंगात साठवलं होतं. कालव मरत नाही, साठवतं. हिरवं कालव गिऱ्हाईक हातात धरेल का? एकदा ‘त्या खाडीचा माल नको’ असं नाव पडलं की ते पुसायला वर्षं जातात. आपल्याकडे तिसऱ्या-शिनाणे विकून बंदीच्या दोन महिन्यांत किती घरं चालतात, ते पावतीपुस्तकात दिसत नाही, पण सगळ्यांना ठाऊक आहे.

मग रंग लावायचाच नाही का?

असं कुणी म्हणत नाही. रंग न लावता बोट चालवली तर डिझेल जास्त जाणार, फळी खराब होणार. सोसायटी तसं सांगणार नाही. करायचं ते एवढंच, की औषध तळावर राहावं, खाडीत जाऊ नये. त्यासाठी हे करता येईल:

1. खरवडताना खाली ताडपत्री. भुकटी गोळा करून गोणीत भरा. भरतीची रेषा जिथे येते तिच्या वरच काम करा. पाऊस सुरू असताना खरवडू नका.

2. कोरडं घासण्यापेक्षा ओलं घासा. धूळ उडत नाही. घासलेलं पाणी मात्र ताडपत्रीवरच अडवा. ग्राइंडर लावणाऱ्याने तोंडाला साधा रुमाल नव्हे, धुळीचा मास्क लावावा. तांब्याची भुकटी नाकातोंडात जाणं माणसालाही वाईट. लहान मुलांना तिथे खेळू देऊ नका.

3. पाण्यात उभ्या बोटीचा तळ ब्रशने जोरात घासू नका. रंगाचा थर निघून तांब्याचा लोट सुटतो. रंगाचे पैसेही पाण्यात. मऊ कापडाने हलकं पुसणं वेगळं.

4. लागेल तेवढाच रंग. डब्यावर सांगितलेल्या जाडीपेक्षा जाड थर दिला म्हणून शेवाळ कमी लागत नाही. पाण्याच्या रेषेच्या वर विषारी रंगाची गरजच नाही.

5. रोज वर ओढून ठेवायची लहान होडी असेल तर तांब्याच्या रंगाची मुळात गरज आहे का, हे पाहा. वाळली की शेवाळ-बार्नेकल तसंही टिकत नाही.

6. ब्रश, डबे, थिनर खाडीत धुवायचे नाहीत. उरलेला रंग शेजारच्या बोटमालकाला द्या.

7. सुटी पावडर रंगात मिसळू नका. कंपनीच्या रंगात काय, किती, कशाने बांधलंय, हे ठरलेलं असतं. वरून पावडर घातली की ती घट्ट बसत नाही, पहिल्या काही दिवसांतच सुटून जाते. पैसे गेले, विष खाडीत.

विक्रेत्याला विचारायचे चार प्रश्न

एक, यात कुठला धातू आहे आणि शेकडा किती? दोन, डब्यावर कंपनीचं नाव, पत्ता, बॅच नंबर आहे का? तीन, मालाचं सुरक्षा माहितीपत्रक दाखवा. खऱ्या कंपनीकडे ते असतंच. चार, टीबीटी नाही असं लेखी देता का? ‘नॅनो आहे, सगळं चालतं’ हे उत्तर नव्हे. या चारांची उत्तरं मिळाली नाहीत तर डबा परत करा, कितीही स्वस्त असला तरी.

सभेपुढे ठेवायचे मुद्दे

कार्यकारिणीत चर्चा होऊन तीन मुद्दे सभेपुढे येणार आहेत. पहिला, माहितीपत्रक नसलेला रंग किंवा सुटी नॅनो पावडर सोसायटीच्या दुकानात ठेवायची नाही. दुसरा, बोटी खरवडायला एकच जागा ठरवायची, तिसऱ्यांच्या पाटापासून लांब, आणि तिथे सोसायटीच्या खर्चाने ताडपत्र्या आणि गोण्या ठेवायच्या. गोळा झालेली भुकटी कुठे द्यायची ते पंचायतीकडे लेखी विचारून ठरवायचं. उकिरड्यावर टाकायची नाही, कारण पावसात ती परत खाडीतच येते. तिसरा, खरवडायच्या जागेजवळचा गाळ आणि तिसऱ्या तपासून मिळाव्यात म्हणून मत्स्योद्योग खात्याला आणि एनआयओला विनंतीपत्र पाठवायचं. आपल्या खाडीचा स्वतःचा आकडा हातात असला की अंदाजावर भांडायची पाळी येणार नाही.

यात बोटमालक एका बाजूला आणि तिसऱ्या काढणाऱ्या बायका दुसऱ्या बाजूला, असं कृपया होऊ देऊ नका. बहुतेक घरांत दोन्ही कामं एकाच चुलीसाठी चालतात. ताडपत्री पसरायला अर्धा तास जास्त लागतो, मजुरी थोडी वाढते, हे मान्य. तो खर्च कसा वाटून घ्यायचा हेही सभेतच ठरवू. ज्यांनी आधीच नॅनो पावडर घेतली असेल त्यांनी ती मिसळण्याआधी पुडक्यासकट ऑफिसात दाखवायला आणावी. कुणी काही बोलणार नाही.

सभेची तारीख ऑफिसच्या फळ्यावर लावली आहे. घरटी एकाने तरी या, आणि तिसऱ्या-शिनाणे काढणाऱ्या बायकांनी तर नक्की या. तुमच्याशिवाय हा ठराव घ्यायचा नाही असं ठरलंय.

आपला,
सचिव